आधी गुरुजींचा श्वास : शाळेतला योग आणि किल्लारीचा धडा

(किल्लारी इथं शिक्षक आणि पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

समोर बरेच गुरुजी आणि बाई बसलेल्या दिसतायत, मागं पालकही आहेत. आजचा विषय आहे शाळेतला योग. पण मी आसनं शिकवायला आलेलो नाही, मी इतिहास सांगणार आहे. योगानं मुलं शांत होतात, एकमेकांशी बऱ्यानं वागतात, असं आपण सगळे म्हणतो. मग शंभर वर्षं आपल्या शाळांत योग असूनही वर्गातली ओरड, मारामारी आणि छडी का गेली नाही? या प्रश्नाचं उत्तर इतिहासात सापडतं, असं मला वाटतं.

सुरुवात एका शिक्षकापासूनच करू. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे पुढचे स्वामी कुवलयानंद. जन्म 1883 चा. बडोद्याला राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात ते व्यायाम शिकले, नंतर खानदेशात अमळनेरला त्यांनी शिक्षणाचं काम केलं. 1924 मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढलं. उड्डियान केल्यावर, नौली केल्यावर पोटात नेमकं काय होतं, हे त्यांनी क्ष-किरणांनी तपासलं. योग गुहेतून प्रयोगशाळेत आणला तो या माणसानं.

त्याच काळात औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचा प्रचार करत होते. स्वतः रोज घालायचे, आणि संस्थानातल्या शाळांमध्येही त्यांनी सूर्यनमस्कार सुरू केले. पुढं 1937 मध्ये मुंबई प्रांतात लोकनियुक्त मंत्रिमंडळ आलं, शारीरिक शिक्षणाचा विचार सुरू झाला, आणि त्या कामात कुवलयानंदांचा मोठा वाटा होता. 1938 मध्ये कांदिवलीला शारीरिक शिक्षणाचे शिक्षक तयार करणारी संस्था निघाली. म्हणजे बघा, शिक्षकाला आधी शिकवलं पाहिजे, ही गोष्ट त्या पिढीला कळलेली होती.

पण शिकवायचं काय? तो काळ पारतंत्र्याचा होता. मुलं काटक व्हावीत, रांगेत उभी राहावीत, एका हुकमावर हलावीत, ही त्या वेळची गरज होती. त्यामुळं शाळेत योग आला तो कवायतीच्या रूपात. मैदानावर रांगा, शिट्टी, एक-दोन-तीन-चार. त्याला मी नावं ठेवत नाही. त्यातून शरीरं घडली. पण मैदानावरच्या कवायतीत गुरुजींचं काम राहिलं ते आकडे मोजायचं. स्वतः गुरुजींच्या मनाचं काय, हा प्रश्न मागं पडला.

आता आपल्याकडं या. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. 17 सप्टेंबर 1948 ला आपण मुक्त झालो आणि 1956 मध्ये मुंबई राज्यात आलो. तोवर कांदिवली-लोणावळ्याचे वारे इथं सरकारी वाटेनं यायचा प्रश्नच नव्हता. पण आपल्या शेजारी दुसरं एक उदाहरण होतं. इथून जवळच, आजच्या लोहारा तालुक्यात, हिप्परग्याला 1921 मध्ये राष्ट्रीय शाळा सुरू झाली. स्वामी रामानंद तीर्थ पुढं त्या शाळेचे मुख्याध्यापक झाले. मुख्याध्यापक असतानाच त्यांनी संन्यास घेतला, आणि तरी शाळा सोडून हिमालयात गेले नाहीत. त्या शाळेची आठवण राहिली ती शिक्षकांच्या राहणीमुळं. मुलं गुरुजींचं ऐकतात त्यापेक्षा गुरुजींना बघतात जास्त, हे इथल्या जुन्या माणसांना वेगळं सांगायला नको.

आता मी 1993 कडं येतो. 30 सप्टेंबरची पहाट, तीन वाजून छप्पन्न मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून माणसं दमून झोपलेली. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड माळवद. जे घर उन्हाळ्यात गारवा द्यायचं, तेच अंगावर आलं. साडेसात हजारांहून जास्त माणसं गेली. लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांतली बावन्न गावं जुनी जागा सोडून नव्या जागी वसवावी लागली. हे तुम्हाला मी सांगायचं म्हणजे उलटंच झालं, तुमच्यापैकी कित्येकांनी ते सोसलंय. मी सांगतोय ते शाळेच्या अंगानं.

भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये शाळा भरल्या. धक्के चालूच होते. पत्रा वाजला की वर्ग बाहेर पळायचा. आणि फळ्यासमोर जो उभा होता, त्याचंही घर गेलेलं असू शकत होतं. त्याच्याही घरातलं कुणीतरी गेलेलं असू शकत होतं. मुलांना धीर देण्याचं काम आपण ज्याच्यावर टाकलं, त्याला धीर कुणी दिला? पुनर्वसनाची मोजदाद घरांत झाली, रस्त्यांत झाली. ती व्हायलाच हवी होती. पण गुरुजींच्या झोपेचा हिशेब कुठल्या रकान्यात येणार होता?

एक काम मात्र सांगायला हवं. भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त भागातली सुमारे 1200 मुलं पुण्याला शिक्षणासाठी नेली. पुढं वाघोलीला त्यांची सोय झाली. आणि त्याच संस्थेनं 2009 मध्ये आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात, जिल्हा परिषदेच्या शाळांत 'मूल्यवर्धन' हा कार्यक्रम सुरू केला. तो योगाचा कार्यक्रम नाही. पण त्याचा पाया शिक्षक-प्रशिक्षणाचा आहे. मुलांनी जोडीनं, गटानं काम करायचं, दुसऱ्याचं ऐकून घ्यायचं, आणि शिक्षकानं भाषण न देता ते घडवून आणायचं. पुढं तो राज्यभरातल्या शाळांत गेला. चांगुलपणा पाठ करून येत नाही, रोजच्या वागण्यातून येतो, ही त्यातली गोष्ट आपल्या विषयाला लागू पडते.

मग योगाचा उपयोग होतो की नाही? होतो, पण अंदाजानं बोलू नये. 2004 च्या त्सुनामीनंतर अंदमानातल्या छावणीत शर्ली टेलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठवडाभर योगाभ्यास घेतला. भीती, काळजी, उदासी, झोप न लागणं हे कमी झाल्याचं त्यांना दिसलं. अभ्यास छोटा होता, पण दिशा दाखवणारा होता. श्वास सावकाश सोडला की हृदयाची गती मंदावते, हे तर आपल्या शरीराचं साधं काम आहे. त्यात चमत्कार नाही.

आता दुसरी बाजू. ब्रिटनमध्ये शाळकरी मुलांना ध्यानाची एक पद्धत शिकवून मोठा प्रयोग झाला. आठ हजारांवर मुलं होती. शिकवण्याआधी शिक्षकांना स्वतः ती पद्धत शिकवली होती. 2022 मध्ये निष्कर्ष आले. मुलांच्या मानसिक आरोग्यात नेहमीच्या शिक्षणापेक्षा काही वेगळा फायदा दिसला नाही. पण शिक्षकांचा थकवा, निदान काही काळ, कमी झाला आणि शाळेचं वातावरण सुधारल्याचं आढळलं. काही लोक याचा अर्थ 'सगळं फुकट' असा लावतात. मी तसा लावत नाही. मला त्यात हे दिसतं की मुलांना वर्गात बसवून शांतता थेट भरवता येत नाही. पहिला फरक पडतो तो मोठ्या माणसात.

आणि हे आपल्या परंपरेच्या विरुद्धही नाही. पतंजलींनी आठ अंगं सांगितली, त्यात आसन तिसरं आहे. त्याआधी यम आणि नियम, आणि यमातलं पहिलं नाव अहिंसेचं. आपण शाळेत तिसऱ्या पायरीवरून सुरुवात केली. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानं मुलांना मारायला आणि मानसिक त्रास द्यायला बंदी केली. मी म्हणेन, शाळेतल्या योगाचा पहिला धडा त्या कायद्यातच आहे. परिपाठाला ओंकार आणि दुसऱ्या तासाला कानाखाली, असं चालणार असेल तर मुलं दोन्हींतलं खरं कुठलं ते बरोबर ओळखतात.

मग प्रशिक्षण कसं असावं? तीन गोष्टी सांगतो. एक, एका दिवसाचं शिबिर, प्रमाणपत्र आणि फोटो यानं काही होत नाही. दर महिन्याला शिक्षण परिषद भरतेच, त्यात अर्धा तास शिक्षकांनी स्वतःसाठी अभ्यास करावा. मुलांना काय शिकवायचं ते नंतर.

दोन, वर्गात लहान लहान वेळा वापराव्यात. मधल्या सुट्टीनंतर मुलं धापा टाकत येतात, तेव्हा दोन मिनिटं सावकाश श्वास. गुरुजींनीही तोच घ्यायचा, मोजत उभं राहायचं नाही. लहान मुलांना श्वास कोंडून धरायला लावायचं नाही.

तीन, आणि ही किल्लारीनं शिकवलेली. कुणावर डोळे मिटायची सक्ती करायची नाही. ज्याला बंद खोलीची, छताची, अंधाराची भीती आहे, त्याला शवासनात शांतता मिळत नाही, उलट भीती वाढते. त्याला दाराजवळ बसू द्या, डोळे उघडे ठेवू द्या. अशा मुलाला हट्टी न म्हणणं हीच तुमची करुणा, आणि बाकीची चाळीस मुलं ती बघत असतात.

हा सगळा भार एकट्या शिक्षकावर टाकू नका, हेही पालकांना आणि अधिकाऱ्यांना सांगतो. ज्या गुरुजींकडं दोन वर्ग आहेत, वर माहिती भरायची कामं आहेत, त्यांना 'शांत राहा' म्हणणं सोपं आहे. त्यांची कामं कमी करणं हाही योगाच्याच कार्यक्रमाचा भाग समजा.

कुवलयानंदांच्या पिढीनं शिक्षकाला शिकवायची व्यवस्था उभी केली. शिक्षकाला सावरायची व्यवस्था उभी करणं आपल्या पिढीकडं आलंय. ती भूकंपाची वाट न बघता झाली पाहिजे. इतकं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा, आणि आधी बाईंना बोलू द्या.