प्रस्तावना : इलेक्ट्रॉनांची जोडी जमते कशी

पदवीच्या वर्गात आपण इलेक्ट्रॉन एकेकटा शिकतो. तांब्याच्या तारेत मात्र त्यांची अफाट गर्दी असते, आणि सगळे एकमेकांना दूर ढकलणारे. या गर्दीचं गणित मांडणं हे या विषयाचं मूळ काम. त्यातलं सर्वांत देखणं प्रकरण अतिसंवाहकतेचं, असं मी मनापासून मानतो.

१९११ साली लायडनला कामरलिंग ओनेस यांच्या प्रयोगशाळेत ४.२ केल्विनजवळ पाऱ्याचा रोध एकाएकी नाहीसा झाला. त्याचं कारण उलगडायला ४६ वर्षं लागली; भल्याभल्यांनी हात टेकले. धागा सापडला १९५० मध्ये : पाऱ्याचा समस्थानिक जितका जड, तितकं हे तापमान खाली. म्हणजे या खेळात आयनही सामील होते.

इलेक्ट्रॉन पुढे धावतो तेव्हा आजूबाजूचे धनभारित आयन त्याच्याकडे किंचित ओढले जातात. पण आयन जड. ते हलेपर्यंत इलेक्ट्रॉन पार लांब गेलेला असतो. मागे धनभार थोडा दाटलेला राहतो आणि दुसरा इलेक्ट्रॉन तिकडे खेचला जातो. पहिला तिथे नसल्यामुळे दोघांमधलं प्रतिकर्षण फारसं आड येत नाही. लिऑन कूपर यांनी १९५६ साली ही जोडी गणिताने दाखवली. मात्र एका जोडीच्या विस्तारात इतर लाखो जोड्या मिसळलेल्या असतात. त्या सर्वांना सामावून घेणारं तरंगफलन रॉबर्ट श्रीफर यांना १९५७ च्या आरंभी न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत सुचलं. जॉन बार्डीन यांच्यासह तिघांचा सिद्धांत त्याच वर्षी प्रसिद्ध झाला.

प्रश्न तिथे संपला नाही. १९८६ मध्ये बेडनोर्झ आणि म्युलर यांना तांब्याच्या ऑक्साइडात ३० केल्विनच्या आसपास अतिसंवाहकता आढळली. वर्षभरात हा आकडा ९० च्या पुढे गेला. तिथेही जोड्या जमतात, पण त्या जुळवतं कोण, यावर अजून एकमत नाही.

आपल्या मुंबईतच, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, २०१६ मध्ये बिस्मथ ०.०००५३ केल्विनला अतिसंवाहक झालेलं दिसलं. त्यात लाखभर अणूंमागे जेमतेम एक मुक्त इलेक्ट्रॉन. इलेक्ट्रॉन चपळ आणि आयन सुस्त, हे वरचं गृहीतच तिथे डळमळतं.

पुंजयामिकीचा एक पाठ्यक्रम झाला असेल तर तुमचं इथे स्वागत आहे. आधी कूपर यांचं समीकरण वहीत स्वतः सोडवा. मग बिस्मथकडे वळू.