अफनासी निकितिनची चौभाषी वही

१४७० च्या आसपास चौलच्या बंदरात एक रशियन व्यापारी विक्रीचा घोडा घेऊन उतरला. अफनासी निकितिन, व्होल्गाकाठच्या त्वेर नगरातला. बहमनी काळातील चौल, जुन्नर, बीदर यांच्या वर्णनासाठी आपण त्याचा दाखला नेहमी देतो. परंतु भाषांतरात एक गोष्ट हरवते: त्याची वही एका भाषेत लिहिलेलीच नाही. रशियन मजकूर मध्येच तुटतो आणि त्याच रशियन लिपीत तुर्की, फारसी, अरबी शब्द सुरू होतात.

व्होल्गेवर व्यापार करायचा तर तातारांशी बोलणे भाग, तेथली तुर्की. पुढे होर्मुझपर्यंतच्या इराणी मुक्कामांतली फारसी. शब्द कानाने टिपलेले, म्हणून 'अल्ला' त्याच्याकडे 'ओल्लो' होतो. एवढ्या शिदोरीवर दख्खनमध्ये निभावले, कारण बहमनी दरबारात इराण-खुरासानहून आलेल्यांचे वजन मोठे होते. खुद्द वजीर महमूद गावान गिलानचा. निकितिननेही 'खोजा युसुफ खुरासानी' हे नाव घेतले.

या सोयीची किंमतही दिसते. इथले देऊळ त्याच्या लेखी 'बुतखाना'च राहते. घोड्यांच्या चाऱ्यातले हरभरेसुद्धा तो फारसी नावाने नोंदवतो. त्याच ओळीत एक अस्सल देशी शब्द मात्र निसटून आला आहे: खिचडी. तीही घोड्यांसाठी!

परकी भाषा तो नेमकी कुठे वापरतो, हे पाहण्यासारखे आहे. बाजारातल्या स्त्रियांचे दर तुर्कीत. तिथे संकोच समजतो. पण मायदेशाची आठवण दाटते तेव्हाही तो तुर्कीतच प्रार्थना करतो: रशियाचे रक्षण होवो, तिच्यासारखी भूमी नाही, जरी तिथले सरदार अन्यायी असले तरी. हे शेवटचे वाक्य रशियनमध्ये लिहिणे जोखमीचे होते, असे मला वाटते. १४७५ मध्ये वही मॉस्कोच्या राजदरबारातील कारकून वसिली मामिरेव याच्याच हाती पडली.

श्रद्धेचा प्रश्न याहून अवघड. जुन्नरच्या असद खानाने त्याचा घोडा काढून घेतला. मुसलमान झालास तर घोडा आणि वर हजार सुवर्णनाणी, अशी अट घातली. मुदत चार दिवसांची. खुरासानच्या खोजा मुहम्मदने रदबदली केली म्हणून तो सुटला. धर्मग्रंथ तर आधीच अस्त्राखानजवळच्या लुटीत गेले होते. सणांच्या तिथी कळेनात, तेव्हा तो मुसलमानांबरोबर रोजे धरू लागला. देवाला हाक मारताना अल्ला, खुदा, बोग, तांग्री अशी चारही नावे तो एकापुढे एक ठेवतो.

वही संपते ती अरबी प्रार्थनेने. त्यात इस्लामी वचने आहेत आणि येशूला, 'ईसा रुहुल्ला'ला, सलामही आहे. यावरून त्याने धर्मांतर केले असे काही अभ्यासक मानतात, इतरांना ते मान्य नाही. मला पहिला निष्कर्ष घाईचा वाटतो: ज्या भाषेत कित्येक वर्षे रोज आजूबाजूला प्रार्थना ऐकली, ती तोंडी बसणारच. पण प्रार्थना केवळ वेशांतराचा भाग होती, हेही पटत नाही. शेवटची पाने त्याने परतीच्या वाटेवर लिहिली. तेव्हा तिथे कोणी असद खान नव्हता.

त्वेर त्याला पुन्हा दिसले नाही. स्मोलेन्स्कला पोहोचण्याआधीच तो वारला. वही इतर व्यापाऱ्यांनी मॉस्कोला पोहोचवली आणि ती अरबी प्रार्थना रशियन बखरीत जशीच्या तशी उतरवली गेली.