भुईगावच्या शिलेपासून फायरफॉक्सपर्यंत : पडद्यावरची भाषा कोणाची?

वसईगावातल्या होळी परिसरात आम्ही काही कार्यकर्ते जुने, टाकून दिलेले संगणक गोळा करतो, त्यावर लिनक्स घालतो आणि अभ्यासिकांना देतो. पहिला प्रश्न हमखास येतो, "हे सगळं इंग्रजीतच का?" त्याच्यामागून दुसरा प्रश्न येतो आणि तो आपल्याच माणसांचा असतो : "मराठी कशाला पाहिजे? पोरं इंग्रजी शिकू द्या. मराठीत कोंडून त्यांना पुन्हा गावकुसाबाहेर ठेवायचं आहे का?"

हा दुसरा प्रश्न टाळण्यासारखा नाही. इंग्रजीने आपल्याला काय दिले हे आपण विसरू शकत नाही. चंद्रभान प्रसाद यांनी तर इंग्रजीला देवीचे रूप दिले. देवी कशाला, असे आम्ही म्हणू, पण त्यामागची तळमळ खरी आहे. तरीही ब्राउझरची भाषा बदलण्याच्या या साध्या कामामागे मोठा इतिहास आहे आणि तो आपला आहे. तो आपण सांगितला नाही, तर मराठीच्या नावाने दुसरेच कोणी तो सांगत राहतील.

होळीहून भुईगाव फार दूर नाही. तिथे 1956 साली सम्राट अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. त्याआधी 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला आणि त्याच वर्षी आठव्या लेखाचा तुकडाही उजेडात आला. गंमत पाहा, त्या स्तूपाच्या टेकाडाला लोक बुरूड राजाचा कोट म्हणत. बुद्धाचे नाव लोकांच्या तोंडून पुसले गेले, पण राजा म्हणून लोकांनी आठवणीत ठेवला तो बुरूड, बांबू विणणारा!

नवव्या लेखात अशोक म्हणतो की आजारपण, लग्न, जन्म आणि प्रवास यांच्या वेळी लोक नाना मंगलविधी करतात, त्यांचे फळ थोडे. खरे मंगल म्हणजे दास आणि सेवकांशी नीट वागणे, गुरुजनांचा आदर राखणे, जिवांबाबत संयम ठेवणे. ही गोष्ट त्याने संस्कृतात लिहिली नाही. प्राकृतात लिहिली आणि ब्राह्मी लिपीत कोरली. वायव्येला शाहबाजगढी आणि मानसेहरा इथे खरोष्ठी लिपी वापरली. कंदाहारला तर ग्रीक आणि अरामी या दोन भाषांत लेख कोरला. दक्षिणेत मात्र त्याने प्राकृतच चालवली, तिथल्या लोकभाषा घेतल्या नाहीत, हेही सांगायला हवे. पण राज्याचा संदेश वाचणाऱ्याच्या लिपीत आणि भाषेत पोचवायचा, हा विचार या मातीत तेव्हापासूनचा आहे. आज संगणकवाले यालाच 'लोकलायझेशन' म्हणतात.

आणि अशोकाने तो घेतला कुठून? विनयपिटकातल्या चुल्लवग्गात प्रसंग आहे. ब्राह्मण कुळात जन्मलेले दोन भिक्खू तथागतांकडे तक्रार घेऊन येतात की वेगवेगळ्या जातीकुळांतून आलेले भिक्खू आपापल्या बोलीत बुद्धवचन सांगून ते बिघडवतात. ते छंदसात, म्हणजे वेदाच्या भाषेत, बांधून द्यावे. तथागत त्यांना दटावतात, तसे करायला मनाई करतात आणि आपापल्या भाषेत शिकण्याची मुभा देतात. पुढे बुद्धघोषांनी 'आपली भाषा' म्हणजे बुद्धाची मागधी, असा अर्थ लावला. आम्हाला तो पटत नाही. तक्रारच जर अनेक बोलींबद्दल होती, तर उत्तर एका भाषेचे कसे असेल?

आता संगणकाकडे या. 1983 मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि 1991 मध्ये हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला. या चळवळीचा मुद्दा फुकट मिळण्याचा नव्हता. प्रोग्रॅम उघडून पाहण्याचा, बदलण्याचा आणि बदललेला वाटण्याचा हक्क हा मुद्दा होता. पोथी कोणाला उघडता येते आणि कोणाला नाही, हे ज्यांच्या आज्यापणज्यांनी भोगले त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. बंद सॉफ्टवेअर मराठीत कधी आणायचे हे कंपनी ठरवते. खुल्या सॉफ्टवेअरमध्ये पडद्यावरचे प्रत्येक वाक्य वेगळ्या फाइलीत ठेवलेले असते आणि कोणीही त्याच्यासमोर मराठी वाक्य लिहू शकतो. मुंबईत सुरू झालेल्या इंडलिनक्सने आणि पुण्यातल्या रेड हॅटच्या भाषांतरकारांनी हेच केले. लोहित मराठी हा खुला फॉन्ट त्याच वाटेने आला.

त्याआधी काय स्थिती होती? नव्वदच्या दशकात चळवळीची किती पत्रके, किती नियतकालिके श्रीलिपी, शिवाजी अशा फॉन्टांत टाइप झाली! प्रत्येक फॉन्टचा संकेत निराळा. आज त्या फाइली उघडल्या तर चौकोन आणि इंग्रजी कचरा दिसतो. चळवळीचा एवढा दस्तऐवज फॉन्टच्या कुलपात अडकून पडला आहे. युनिकोड 1991 पासून होते, पण मराठीची सोय त्यात एकदम झाली नाही. 'ॲट्रॉसिटी' या शब्दातला पहिला 'ॲ' घ्या. हिंदीवाले तो 'ऍ' असा लिहितात. आपला 'ॲ' स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये आला 2008 साली. म्हणजे अत्याचाराविरुद्धचा कायदा 1989 चा, आणि त्याच्या रोजच्या नावाचे पहिले अक्षर संगणकाला धड कळायला आणखी एकोणीस वर्षे गेली. तोवर 'अ'ला चंद्र जोडून कसेबसे भागवले.

प्रत्यक्ष काम मात्र सोपे आहे. फायरफॉक्समध्ये सेटिंग्जमधल्या 'जनरल' भागात 'लँग्वेज' आहे. तिथे मराठी निवडायची आणि ब्राउझर पुन्हा सुरू करायचा. ही सोय 2019 च्या 65 व्या आवृत्तीपासून आहे. त्याआधी भाषेचे पॅक वेगळे उतरवून आतल्या गुप्त सेटिंगमध्ये 'एमआर' ही दोन अक्षरे भरावी लागत. डेबियनवर मराठी पॅक वेगळे बसवावे लागते. क्रोमची तऱ्हा वेगळी. लिनक्सवर त्याच्या सेटिंग्जमध्ये भाषांची यादी असते, पण ती संकेतस्थळे कोणत्या भाषेत मागायची यापुरती. त्याची स्वतःची बटणे संगणकाची जी भाषा असेल तीच बोलतात. म्हणून आधी सगळी प्रणालीच मराठी करावी लागते, किंवा 'लँग्वेज' हे चल मराठीला नेमून क्रोम सुरू करावे लागते. लोक इथेच फसतात. यादीत मराठी वर सरकवतात, काही बदलत नाही आणि 'मराठी चालतच नाही' असे म्हणून सोडून देतात.

आता पहिल्या आक्षेपाकडे वळू. 1955 च्या भाषावार राज्यांवरील पुस्तकात बाबासाहेबांनी प्रादेशिक भाषा राज्याची राजभाषा करू नये असे मांडले आहे. हिंदी असावी, आणि तिची तयारी होईपर्यंत इंग्रजी. हे आम्हाला सतत ऐकवले जाते, आणि ते त्यांनी लिहिले आहेच. पण ती भीती कसली होती? भाषेच्या नावाने वेगळी राष्ट्रीयता उभी राहण्याची, आणि भाषिक राज्यात एका बहुसंख्य जातीच्या हाती सत्ता एकवटण्याची. त्याच बाबासाहेबांनी 31 जानेवारी 1920 ला 'मूकनायक' काढला तो मराठीत, 1927 ला 'बहिष्कृत भारत' काढला तोही मराठीत. आणि 1936 ला जातिसंहाराचा ग्रंथ लिहिला तो इंग्रजीत. महात्मा फुल्यांच्या 1873 च्या 'गुलामगिरी'त ग्रंथ मराठी, प्रस्तावना इंग्रजी आणि अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या गुलामगिरीविरोधकांना. दोन्ही भाषा हातात ठेवायच्या आणि कोणती कधी वापरायची ते आपण ठरवायचे. लिनक्सवर ही अदलाबदल मिनिटभराची आहे. मुलीने सकाळी मराठीत शिष्यवृत्तीचा अर्ज भरावा आणि संध्याकाळी इंग्रजीत कोडिंग शिकावे, यात अडचण कुठे आहे? आणि तिच्या आईला 'डाउनलोड फेल्ड' कळत नसेल तर आईने संगणकाला हातच लावू नये काय?

आमची खरी तक्रार इंग्रजीवाल्यांशी नाही, 'शुद्ध' मराठीवाल्यांशी आहे. फुल्यांची भाषा अशुद्ध म्हणून निबंधमालाकार चिपळूणकरांनी हेटाळली. पुढे राज्याच्या भाषा संचालनालयाने 1962 मध्ये 'पदनाम कोश' काढला तेव्हा आचार्य अत्र्यांनी त्याला 'बदनाम कोश' म्हटले, कारण त्यातले शब्द कारकुनालाही उलगडत नव्हते. तोच संस्कृताळलेला वारसा पडद्यावर उतरलेला दिसतो. 'वाचनखूण' हा शब्द आम्हाला आवडतो. खूण सगळ्यांना कळते. पण 'प्रमाणीकरण', 'अधिप्रमाणन', 'संरूपण' वाचून आमच्या वस्तीतला माणूस परत इंग्रजीकडे जातो आणि मग निष्कर्ष निघतो की लोकांना मराठी नकोच आहे. लोकांना मराठी हवी आहे. छंदस नको आहे.

'एमआर' ही दोन अक्षरेही निष्पाप नाहीत. वसईत सामवेदी, ज्याला कादोडी म्हणतात, आहे, वाडवळी आहे, पालघर जिल्ह्यात वारली आहे. जगाच्या भाषांच्या यादीत वारलीला आणि सामवेदीला स्वतःचे संकेत आहेत, पण त्यांच्या नावाची ओळ आमच्या संगणकाच्या भाषायादीत नाही. वारली पोराच्या डोक्यावर पुणेरी मराठी बसवून आपण 'मातृभाषेत संगणक' म्हणून टाळ्या घेतल्या, तर चिपळूणकरांत आणि आपल्यात फरक काय?

मोझिलाचे भाषांतर पाँटून नावाच्या संकेतस्थळावर चालते. तिथे खाते काढून कोणीही शब्द सुचवू शकतो. मंजुरी मात्र त्या भाषेच्या जबाबदार भाषांतरकारांकडे असते. त्या जागी आपली माणसे किती आहेत? आम्ही अभ्यासिकेतल्या मुलांना आठवड्याला दहा वाक्ये वाटून देतो : आधी आईला वाचून दाखवा, तिला न कळलेला शब्द लिहून आणा, मग सुचवा. या आठवड्यातली दहा 'पासवर्ड विसरलात' या पानाभोवतीची आहेत, कारण सगळ्यात जास्त माणसे तिथेच अडकतात.