कपालतल व मुखाकृती

कपालतल व मुखाकृती : कवटीच्या ज्या भागावर मेंदू टेकलेला असतो, त्यास कपालतल म्हणतात. हा तळ सपाट नसून पोष ग्रंथीच्या खोबणीपाशी खाली वाकलेला असतो. वरचा जबडा त्याच्या पुढील भागास जोडलेला असून खालच्या जबड्याचा सांधा मागील भागाशी येतो. त्याही मागे कवटी मानेच्या पहिल्या मणक्यावर टेकते. त्यामुळे तळाचा बाक कमीअधिक असल्यास दोन्ही जबड्यांचे परस्परस्थान व पर्यायाने चेहऱ्याची ठेवण बदलू शकते.

हा संबंध स्पष्ट होण्यापूर्वी चेहऱ्याची मापे भलत्याच कामी लागली. डच शारीरविज्ञ पेट्रुस कांपर (१७२२–८९) यांनी मुख्यतः चित्रकारांसाठी मुखकोनाची कल्पना मांडली. एकोणिसाव्या शतकात तिचाच आधार घेऊन मानववंशांची उतरंड रचण्यात आली. वस्तुतः हा कोन केवळ बाह्यरेषेचे माप होय. ती रेषा तशी का झाली, हे त्यावरून कळत नाही. इरावती कर्वे यांनी बर्लिन येथे कवट्यांच्या असममितीवर संशोधन केले, तेव्हा त्यांनाही तिचा वंशाशी संबंध आढळला नाही. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांची धारणा याच्या उलट होती, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

१९३१ मध्ये अमेरिकेत ब्रॉडबेंट व जर्मनीत होफ्राट यांनी डोके ठराविक स्थितीत ठेवून क्ष-किरण चित्र घेण्याची पद्धती स्वतंत्रपणे मांडली. त्यामुळे मृताच्या कवटीऐवजी वाढत्या मुलाचे डोके पुनःपुन्हा मोजता येऊ लागले. आर्ने ब्यर्क यांनी १९४७ मध्ये स्वीडनमधील मुले व सैनिक यांच्या मापांवरून कपालतल व जबड्यांची ठेवण यांचा संबंध तपासला. तळाचा कोन मोठा असल्यास सांधा मागे जातो व हनुवटी मागे राहण्याकडे कल असतो. कोन लहान असल्यास ती पुढे येते. मात्र जबड्याची लांबी हा फरक पुष्कळदा भरून काढते. म्हणून एकट्या कोनावरून मुखप्रकार ठरविणे धोक्याचे आहे.

मानेचा संबंध अधिक गुंतागुंतीचा आहे. सोलो व टालग्रेन यांना १९७६ मध्ये डेन्मार्कमधील तरुणांत असे आढळले, की ज्यांचे डोके मानेच्या मणक्यांच्या मानाने मागे कललेले असते, त्यांचा चेहरा उभट व हनुवटी मागे असते. श्वासमार्ग अरुंद असल्यास डोके मागे कलते, त्वचा व स्नायू ताणले जातात आणि चेहऱ्याच्या पुढील वाढीस अटकाव होतो, असे अनुमान सोलो व क्राइबोर्ग यांनी १९७७ मध्ये मांडले. १९७६ ची पाहणी प्रौढांची व एकवेळची असल्याने तिच्यावरून सहसंबंध दिसतो, कार्यकारणभाव नव्हे. केवळ मान सरळ ठेवून जबडा सुधारेल, असा निष्कर्ष तिच्यातून काढता येत नाही.

मणक्यांचा दुसरा उपयोग मुखप्रकाराशी नव्हे, तर वयाशी निगडित आहे. दुसऱ्या ते चौथ्या मणक्यांची खालची कड वयानुसार अंतर्वक्र होते. तिच्यावरून जबड्याच्या वाढीचा टप्पा अजमावून दंतोपचाराची वेळ ठरविण्यात येते. निरनिराळ्या निरीक्षकांचे वाचन मात्र नेहमीच जुळते असे नाही.