चार्ल्स स्टाईनमेट्झ आणि त्यांचें दत्तक घर

सन १८८९ मध्यें न्यूयॉर्क बंदरांत एका आगबोटींतून चोवीस वर्षांचा एक जर्मन तरुण उतरला. उंची जेमतेम चार फूट, पाठीस कुबड, चालतांना पाय लंगडत, खिसा रिकामा आणि इंग्रजी भाषेशीं ओळख जवळजवळ नाहीं. असला मनुष्य देशावर भार होईल, सबब त्यास परत धाडावें, असें बंदरावरील अधिकाऱ्यांच्या मनांत आलें. परंतु सोबतच्या मित्रानें आपल्याजवळील पैसा उभयतांचा आहे असें सांगून त्याची हमी घेतली, आणि दरवाजा उघडला गेला. हा तरुण म्हणजेच पुढें वीजशास्त्रांत अजरामर झालेले चार्ल्स प्रोटियस स्टाईनमेट्झ होत.

त्यांचा जन्म ९ एप्रिल १८६५ रोजीं ब्रेस्लाऊ शहरीं झाला. तें शहर त्या काळीं प्रशियाच्या राज्यांत होतें. आज तें पोलंडमध्यें असून व्रोत्स्वाफ या नांवानें ओळखलें जातें. बालक वर्षाचें झालें न झालें तोंच आई निवर्तली. पाठीचें व्यंग वडिलांस होतें, आजोबांसही होतें. तोच वारसा नातवाच्या वांट्यास आला. बुद्धि मात्र विलक्षण. विद्यापीठांत गणिताचा अभ्यास चालू असतां ते समाजसत्तावादी विद्यार्थ्यांत मिसळले, सरकारची वक्र दृष्टि फिरली, आणि पदवी हातीं येण्यापूर्वींच सन १८८८ मध्यें त्यांना झुरिक गांठावें लागलें. अमेरिकेंत आल्यावर त्यांनीं कार्लचें चार्ल्स केलें व मधल्या नांवाच्या जागीं ‘प्रोटियस’ हें विद्यार्थिदशेंतील टोपणनांव घातलें. हवें तें रूप धारण करणाऱ्या एका ग्रीक सागरदेवतेचें तें नांव आहे. सवंगड्यांनीं थट्टेनें दिलेलें नांव मनुष्यानें आपण होऊन जन्मभर मिरवावें, यांत त्यांचा स्वभाव आम्हांस दिसतो.

यॉंकर्स गांवीं रुडॉल्फ आयकेमायर या जर्मन कारखानदारानें त्यांस नोकरी दिली. त्या वेळीं विजेचीं यंत्रें बांधणाऱ्यांपुढें एक मोठें कोडें होतें. उलटसुलट वाहणाऱ्या प्रवाहाबरोबर यंत्रांतील लोखंडाचें चुंबकत्व क्षणोक्षणीं उलटतें. तें उलटतांना किंचित् मागें रेंगाळतें, आणि तेवढी शक्ति उष्णतेच्या रूपानें वायां जाते. हें नुकसान किती, तें यंत्र बांधून तापल्यावरच कळे. स्टाईनमेट्झ यांनीं असंख्य मोजमापें घेऊन सन १८९२ मध्यें त्याचा नियम मांडला. चुंबकत्वाची घनता दुप्पट केली तर नुकसान सुमारें तिप्पट होतें, असा त्याचा सामान्य अर्थ. आतां हिशेब कागदावर आधीं करतां येऊं लागला. पुढल्याच वर्षीं शिकागो येथील परिषदेंत त्यांनीं अशा प्रवाहाचें किचकट गणित साध्या बीजगणितानें सोडविण्याची रीत दाखविली. तीच रीत आजही विद्यार्थी शिकतात. आयकेमायर यांचा कारखाना जनरल इलेक्ट्रिक कंपनीनें घेतला, आणि सन १८९४ पासून स्केनेक्टडी हें त्यांचें गांव झालें.

एका बंद पडलेल्या यंत्रावर त्यांनीं खडूची एक खूण केली व त्याबद्दल दहा हजार डॉलर मागितले, ही आख्यायिका वाचकांनीं बहुधा ऐकली असेल. ती त्यांच्या पश्चात् चाळीसाहून अधिक वर्षांनीं एका साप्ताहिकांत पत्ररूपानें प्रसिद्ध झाली. गोष्ट गोड आहे, पण तिच्यावर आम्ही फार भार टाकीत नाहीं.

आमचें मन गुंतलें तें त्यांच्या संसारांत. आपलें व्यंग आणखी एका पिढीस मिळूं नये म्हणून लग्न करावयाचें नाहीं, असें त्यांनीं ठरविलें होतें. ते आमच्या पंथाचे नव्हते, आणि तो निर्णय योग्य होता असें म्हणण्यास आम्ही धजत नाहीं. कुबड वगळून त्या वारशांत आणखी काय काय होतें, तें जगानें पाहिलेंच आहे. तथापि त्यामागील दुःख आम्हांस समजतें. त्यांनीं वेंडेल अ‍ॅव्हेन्यूवर मोठें घर बांधलें, त्यांत निवडुंग व ऑर्किड जोपासले, मगरी आणि कावळे पाळले. मनुष्यांची उणीव मात्र भरून निघाली नाहीं.

प्रयोगशाळेंतील जोसेफ लेरॉय हेडन नांवाचा तरुण साहाय्यक त्यांच्याजवळ राहत असे. सन १९०३ मध्यें त्याचा विवाह झाला व तो वेगळा राहूं लागला. रिकाम्या घरांत स्टाईनमेट्झ यांस करमेना. त्यांनीं नवदांपत्यास आपल्याकडे येऊन राहण्याची विनंती केली. नववधू कोरीन हिनें अट घातली कीं घराचा कारभार आपल्या हातीं राहील, आणि जेवणाच्या वेळीं सर्वांनीं जेवावयास आलेंच पाहिजे. ज्या पुरुषाच्या गणितापुढें विद्वान् थक्क होत, त्यानें ही अट निमूटपणें मान्य केली! कालांतरानें त्यांनीं हेडनला कायद्यानें पुत्र करून घेतलें. जोसेफ, मार्जोरी व विल्यम हीं तीन नातवंडें त्या घरीं वाढलीं. आजोबा त्यांना अद्भुत कथा सांगत व प्रयोगांच्या ठिणग्या उडवून दाखवीत.

परक्यांच्या लेंकरांविषयींची त्यांची कळकळ घरापुरती नव्हती. सन १९१२ नंतर त्यांनीं शहराच्या शिक्षणमंडळाचें अध्यक्षपद सांभाळलें, आणि परदेशांतून आलेल्या कुटुंबांच्या मुलांसाठीं खास वर्ग सुरू करविले. बंदरावरचा तो दिवस ते विसरले नसावेत, असें आम्हांस वाटतें.

नदीकांठीं त्यांची एक लांकडी झोंपडी होती. तेथें एकदां वीज कोसळली व आरशाच्या ठिकऱ्या झाल्या. त्यांनीं मुलाच्या मदतीनें ते तुकडे वेंचून पुनः जुळविले, आणि विजेनें कोणता मार्ग घेतला तें त्यावरून पाहिलें. सन १९२२ मध्यें त्यांनीं प्रयोगशाळेंत १,२०,००० व्होल्टची कृत्रिम वीज पाडून दाखविली. पुढील वर्षीं कुटुंबासह पश्चिमेकडील प्रवास करून ते परतले, आणि २६ ऑक्टोबर १९२३ रोजीं राहत्या घरींच त्यांचें निधन झालें. दोनशेंहून अधिक शोधांचे हक्क त्यांच्या नांवें नोंदले होते.

तें मोठें घर सन १९३८ मध्यें पाडण्यांत आलें. त्या जागीं आतां बाग आहे. त्यांची सन १९१४ ची विजेवर चालणारी मोटार युनियन कॉलेजनें जतन केली आहे. तेथें त्यांनीं अनेक वर्षें अध्यापन केलें होतें. नदीकांठची झोंपडी मात्र हेन्री फोर्ड यांच्या डिअरबॉर्न येथील संग्रहालयांत नेऊन उभी करण्यांत आली, आणि ती आजही तेथें पाहावयास मिळते.