आदेश क्रमांक ९९८१

हॅरी ट्रूमन म्हटले की आपल्याला हिरोशिमा आणि नागासाकी आठवतात. साहजिकच आहे ते. पण त्यांच्या सहीचा आणखी एक कागद मला तितकाच महत्त्वाचा वाटतो. त्यावर तारीख आहे २६ जुलै १९४८.

दुसऱ्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक कृष्णवर्णीय अमेरिकन सैन्यात होते. हिटलरच्या वंशवादाशी लढणारे हे सैन्य स्वतः मात्र वर्णाने दुभंगलेले होते. पलटणी वेगळ्या, बराकी वेगळ्या, जेवणाची जागा वेगळी. इतकेच काय, जखमींना द्यायचे रक्तसुद्धा रेडक्रॉस वेगवेगळे साठवत असे!

आयझॅक वुडार्ड हा या सैन्यातला एक सार्जंट. पॅसिफिक आघाडीवरून परतलेला. १२ फेब्रुवारी १९४६ रोजी त्याची सेवा संपली आणि अंगावरच्या गणवेशानिशी तो बसने साउथ कॅरोलिनातल्या आपल्या घरी निघाला. वाटेत स्वच्छतागृहासाठी बस थांबवण्यावरून चालकाशी त्याची बाचाबाची झाली. बेट्सबर्ग गावी चालकाने पोलिसांना बोलावले. तिथल्या पोलिसप्रमुखाने त्याला दंडुक्याने असे काही मारले, की दोन्ही डोळे कायमचे गेले. दुसऱ्या दिवशी न्यायालयाने दंड केला, तोही वुडार्डलाच. पुढे पोलिसप्रमुखावर खटला चालला. सगळ्या गोऱ्या ज्युरींनी जेमतेम अर्ध्या तासात त्याला निर्दोष ठरवले.

ही हकिगत देशभर पोहोचवण्यात मोठा वाटा होता रेडिओचा. ऑर्सन वेल्स यांनी आपल्या कार्यक्रमात आठवड्यामागून आठवडे हाच विषय लावून धरला. सप्टेंबर १९४६ मध्ये वॉल्टर व्हाइट यांच्या शिष्टमंडळाने ती ट्रूमन यांच्या कानावर घातली. ट्रूमन मूळचे मिसुरीचे. त्यांच्या आजी-आजोबांच्या घरी गुलाम होते, आणि खासगीत त्यांच्या स्वतःच्या तोंडी कृष्णवर्णीयांविषयी अपशब्द येत. अशा माणसाला या प्रसंगाने हलवले. पहिल्या महायुद्धात ते तोफखान्यात कॅप्टन होते. गणवेशातल्या सैनिकाचे डोळे काढले जातात, हे त्यांना सहन झाले नसावे. त्यांनी नागरी हक्कांसाठी समिती नेमली.

नुसत्या सहृदयतेने आदेश निघाला असे मात्र मी म्हणणार नाही. कामगार पुढारी ए. फिलिप रँडॉल्फ यांनी मार्च १९४८ मध्ये ट्रूमन यांना तोंडावर सुनावले होते, की भेदभाव चालू राहिला तर कृष्णवर्णीय तरुण सक्तीच्या भरतीला नकार देतील. शिवाय निवडणूक तोंडावर होती. दक्षिणेतले डेमोक्रॅट फुटले, त्यांनी स्ट्रॉम थर्मंड यांना उभे केले आणि चार राज्ये नेली. तरीही ट्रूमन निवडून आले.

आदेशाची भाषा मात्र बेताची. वंश, वर्ण, धर्म न पाहता सर्वांना समान वागणूक आणि संधी, एवढेच त्यात होते. वेगळ्या पलटणी बंद करा, असे कुठेही म्हटलेले नव्हते. पत्रकारांनी विचारले तेव्हा ट्रूमन यांनी होकार दिला. सेनाप्रमुख ओमर ब्रॅडली यांच्या मते लष्कर ही सामाजिक प्रयोगांची जागा नव्हती. लष्कर सचिव केनेथ रॉयल यांचाही विरोध होता. एप्रिल १९४९ मध्ये त्यांना जावे लागले. चार्ल्स फाही यांची समिती पाठपुरावा करीत राहिली, लष्कर चालढकल करीत राहिले.

शेवटी निकड निर्माण केली कोरियाने. १९५० च्या लढाईत गोऱ्या तुकड्यांची माणसे इतकी पडली, की जागा भरायला मिळेल तो सैनिक घ्यावा लागला. तोवर वर्षानुवर्षे सांगितलेली एकही भीती खरी ठरली नाही. १ ऑक्टोबर १९५१ रोजी २४ वी इन्फन्ट्री रेजिमेंट ही जुनी कृष्णवर्णीयांची पलटण मोडण्यात आली. १९५४ मध्ये अशी शेवटची तुकडीही संपली.

वुडार्ड १९९२ मध्ये वारले. त्यांची शिक्षा बेट्सबर्गच्या न्यायालयाने रद्द केली ती २०१८ मध्ये. पुढच्या वर्षी त्या गावात एक फलक उभारला गेला. त्याच्या तळाशी ब्रेल लिपीत मजकूर आहे.