अमरावतीचा आखाडा बर्लिनमध्ये आणि समितीतून काढलेला तक्रारदार

१/ इ.स. १९३६ चा उन्हाळा. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू ऑलिम्पिकच्या निमित्ताने बर्लिनला गेला आणि तेथे त्याने कबड्डी, मल्लखांब आदी देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. वऱ्हाडात ही कथा अभिमानाने सांगितली जाते. त्याच उन्हाळ्यात त्याच शहरात घडलेली दुसरी कथा मात्र फारशी कोणी सांगत नाही.

२/ आधी मंडळाविषयी. अंबादासपंत आणि अनंत वैद्य या बंधूंनी १९१४ साली अमरावतीत त्याची स्थापना केली. एका आखाड्यातून शारीरिक शिक्षणाची मोठी संस्था उभी राहिली. परतंत्र देशातील एका जिल्ह्याच्या गावचे तरुण अवघ्या २२ वर्षांत जगापुढे आपले खेळ मांडू शकले. हे कर्तृत्व निर्विवाद आहे.

३/ आता दुसरी कथा. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू खेळाडूंना जर्मन क्रीडासंस्थांतून बाहेर काढले जाऊ लागले. बर्लिनला ऑलिम्पिकचे यजमानपद त्याआधीच, १९३१ साली मिळालेले होते. भेदभाव करणाऱ्या राजवटीकडे हे यजमानपद ठेवावे काय, असा प्रश्न अमेरिकेत जोराने विचारला जाऊ लागला.

४/ अमेरिकन ऑलिम्पिक समितीचे अध्यक्ष एव्हरी ब्रंडेज १९३४ मध्ये जर्मनीला पाहणीसाठी गेले. ज्यू क्रीडा प्रतिनिधींशी त्यांचे बोलणे झाले ते नाझी अधिकाऱ्यांच्या देखत. अशा बैठकीत गाऱ्हाणे कोण मांडणार? ब्रंडेज परतले आणि त्यांनी सहभागाच्या बाजूने कौल दिला.

५/ आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या आतून विरोधाचा आवाज उठवला तो अर्नेस्ट ली यांके यांनी. ते समितीचे अमेरिकन सदस्य, जर्मन वंशाचे आणि पूर्वी अमेरिकेच्या नौदल खात्याचे सहायक सचिव होते. नोव्हेंबर १९३५ मध्ये त्यांनी समितीचे अध्यक्ष काउंट बाये-लातूर यांना खुले पत्र लिहिले. जर्मनीने दिलेली आश्वासने मोडली आहेत, तेव्हा आपले वजन या स्पर्धेच्या विरोधात वापरा, असा त्याचा आशय होता.

६/ या पत्राची चौकशी कोणी करायची? त्या काळी समितीत स्वतंत्र नीती आयोग नव्हता. नवे सदस्य जुनेच सदस्य निवडत. ज्यांच्या निर्णयाविरुद्ध तक्रार होती, तेच न्यायाधीश होते. यांके यांना राजीनामा देण्यास सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला.

७/ जुलै १९३६ च्या अखेरीस, स्पर्धेच्या तोंडावर, बर्लिनमध्येच समितीची बैठक भरली. समितीच्या हिताविरुद्ध वागल्याचा ठपका ठेवून यांके यांना काढून टाकण्यात आले. त्यांच्या रिकाम्या जागी आले एव्हरी ब्रंडेज! हेच ब्रंडेज पुढे १९५२ ते १९७२ अशी वीस वर्षे समितीचे अध्यक्ष होते.

८/ तक्रार खोटी होती काय? ग्रेटेल बर्गमन या ज्यू तरुणीने त्याच जूनमध्ये उंच उडीत १.६० मीटरची मजल मारून जर्मन विक्रमाची बरोबरी साधली. जुलैमध्ये तिला संघातून वगळल्याचे पत्र मिळाले. यांके जे सांगत होते, त्याचा हा पुरावा समितीच्या डोळ्यांसमोर होता.

९/ नीती आयोग यायला १९९९ साल उजाडले. सॉल्ट लेक सिटीला २००२ च्या हिवाळी ऑलिम्पिकचे यजमानपद मिळावे म्हणून सदस्यांवर पैसे, भेटवस्तू आणि नातलगांसाठी शिष्यवृत्त्या यांची खैरात झाल्याचे उघडकीस आले होते. डिसेंबर १९९८ मध्ये स्वित्झर्लंडचे ज्येष्ठ सदस्य मार्क हॉडलर यांनी लाचखोरीविषयी उघडपणे तोंड उघडले. मार्च १९९९ मध्ये सहा सदस्यांची हकालपट्टी झाली आणि त्याच वर्षी नीती आयोग अस्तित्वात आला.

१०/ आयोग असला म्हणजे तो मोकळेपणाने काम करू शकतोच असे नाही. फुटबॉलच्या फिफाने नीती समितीची दोन दालने केली. एक तपासासाठी, एक निवाड्यासाठी. २०१८ आणि २०२२ च्या विश्वचषकांच्या यजमानपदाचा तपास मायकेल गार्सिया यांनी केला. नोव्हेंबर २०१४ मध्ये निवाडा दालनाने त्याचा फक्त ४२ पानी सारांश प्रसिद्ध केला. तो अपुरा आणि चुकीचा असल्याचे सांगत गार्सिया यांनी पुढच्याच महिन्यात पद सोडले.

११/ आता आपल्याकडे पाहू. पुण्याचे खासदार सुरेश कलमाडी भारतीय ऑलिम्पिक संघटनेचे अध्यक्ष आणि दिल्लीच्या २०१० राष्ट्रकुल स्पर्धेच्या आयोजन समितीचे प्रमुख होते. एप्रिल २०११ मध्ये त्यांना अटक झाली. न्यायनिष्ठेसाठी हेही नोंदवले पाहिजे की, आर्थिक गैरव्यवहाराच्या प्रकरणात ईडीने सादर केलेला बंद-अहवाल एप्रिल २०२५ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने स्वीकारला.

१२/ फौजदारी गुन्हा आणि नीतीचा प्रश्न या दोन वेगळ्या कसोट्या आहेत. आरोप प्रलंबित असलेल्या माणसाने पदावर असावे काय, हा नीतीचा प्रश्न. डिसेंबर २०१२ मध्ये राष्ट्रकुल प्रकरणातील आरोपी ललित भनोत यांची संघटनेच्या महासचिवपदी निवड होत होती. त्याच सुमारास, ४ डिसेंबरला, सरकारी हस्तक्षेप आणि कारभाराच्या मुद्द्यांवर आंतरराष्ट्रीय समितीने भारताला निलंबित केले.

१३/ शिक्षा कोणी भोगली? फेब्रुवारी २०१४ मध्ये सोचीच्या उद्घाटन सोहळ्यात शिवा केशवन आणि त्यांचे सहकारी तिरंग्याऐवजी ऑलिम्पिकच्या ध्वजाखाली चालले. आरोपपत्र झालेल्यांना निवडणुकीपासून दूर ठेवणारी घटनादुरुस्ती संघटनेने त्याआधी केली होती. ११ फेब्रुवारीला निलंबन उठले, तोवर स्पर्धा सुरू झालेली होती.

१४/ विदर्भाचाही या इतिहासात वाटा आहे. नागपूरचे वकील शशांक मनोहर ऑक्टोबर २०१५ मध्ये पुन्हा क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष झाले आणि महिन्याभरातच हितसंबंधांच्या तक्रारी ऐकण्यासाठी न्या. अजित प्रकाश शाह यांची लोकपाल म्हणून नेमणूक झाली. तक्रार कोणाकडे न्यावी, याला पहिल्यांदा मंडळाबाहेरच्या माणसाचे नाव मिळाले.

१५/ म्हणून बर्लिनची आठवण काढताना दोन्ही चित्रे शेजारी ठेवावीत. अमरावतीच्या तरुणांना यांके यांच्या पत्राची वार्ता असेल-नसेल; त्यांच्या कसरतींचे मोल त्यामुळे उणावत नाही. पण ज्या महोत्सवात ते उतरले, त्याच्या चालकांनी आपल्यातील एकमेव उघड तक्रारदाराला त्याच सप्ताहांत बाहेर काढले होते. नीती आयोगाची नियमावली कितीही जाड असो, ती वाचताना एकच प्रश्न आधी विचारा : तक्रार ऐकणाऱ्याची नेमणूक कोण करतो, आणि त्याला काढू कोण शकतो?

(धागा समाप्त)